आधीचा माणूस

"हलू नकोस रे, टोचेल," ओठांत टाचण्या धरूनच ती म्हणाली आणि त्याच्या कमरेला धरून तिने त्याला पुन्हा खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

तो स्टुलावर उभा होता. गुदगुल्या होत होत्या म्हणून पोट आत ओढत होता, आणि पोट आत ओढलं की माप चुकत होतं. कोर्टात घालायचा सूट अपघाताच्या आधीचा. तेव्हा त्याच्या अंगावर मांस म्हणून नव्हतं. आता पोट भरल्याचं त्याला कळतच नसे. समोर ठेवाल तेवढं संपवायचा आणि वर "एवढंच?" म्हणून विचारायचा. तिने विजारीची मागची शिवण उसवून आत दुमडलेलं कापड मोकळं केलं होतं, पण तेही पुरेल की नाही कोण जाणे.

"पोट सोड आता."

"सोडलं तर तुझंच काम वाढेल," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर एवढा हसला की खालचं स्टूल डगमगलं.

खुर्चीत बसलेल्या नणंदेने वाचत असलेलं वर्तमानपत्र खाली केलं. "बाळ्या, तिथे असे दात काढू नकोस हं. न्यायाधीश म्हणतील, याला काय धाड भरलीय? चांगला मजेत आहे की."

"मजेतच आहे मी, ताई."

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. खरं तर धास्ती होती ती नेमकी त्याचीच.

दोन वर्षांपूर्वी तो ज्या गोदामात स्टोअरकीपर होता, तिथला एक रॅक कोसळला. रॅकचे बोल्ट ढिले झाल्याचं त्यानेच मालकांना कितीदा सांगितलं होतं, आणि मालकांनी "बघू, बघू" म्हणत ते कानामागे टाकलं होतं. वरचं खोकं त्याच्या डोक्यात पडलं. हाडं यथावकाश जुळली, केसही उगवले. आतलं मात्र जुळलं नाही. लहानपण, शाळा, बहीण, सगळं लख्ख आठवायचं, पण लग्नापासून अपघातापर्यंतची वर्षं पाटीवरून पुसावीत तशी पुसली गेली होती. नवं काही टिकेल तर शपथ. सकाळचं दुपारी विसरायचा, नळ उघडा टाकायचा, कोपऱ्यावर साबण आणायला गेला की तिकडचाच व्हायचा. एखादी गोष्ट मनाला लागली तर ती तेवढी पक्की बसायची.

तो शुद्धीवर आल्यावर ती खाटेजवळ जाऊन "अहो" म्हणाली, तेव्हा ही बाई कुणाला हाक मारतेय ते बघायला त्याने मान वळवून मागे पाहिलं होतं. मागे भिंत होती. मग ताईंनीच रडत रडत ओळख करून दिली, "बाळ्या, अरे, ही तुझी बायको." त्याने तिला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि तोंड भरून म्हणाला, "अरे वा!"

आजवर तिच्याकडे पाहून कुणी अरे वा म्हटलं नव्हतं. नवऱ्याने तर नाहीच. त्या दिवसापासून "अहो" जे सुटलं ते सुटलंच. ती त्याला अरे-तुरे करू लागली आणि त्यालाही ते आवडलं.

टाचण्या लावून झाल्यावर तिने विजार उतरवून घेतली आणि मशीनवर बसली. कपडे ऑल्टर करणं हा तिचा धंदा. एका तयार कपड्यांच्या दुकानाची कामं घरी आणायची. लांबी कमी कर, चेन बदल, कंबर वाढव. काम पोहोचवायला ती बाहेर पडली की याच्याजवळ कुणीतरी हवंच. मध्ये एकदा ताईंना यायला थोडा उशीर झाला, तर गॅस चालू टाकून स्वारी पसार. बस डेपोत सापडला, अनवाणी. चपला कुणालातरी देऊन टाकल्या होत्या. "त्याचे पाय भाजत होते गं," एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

मालकांवर भरपाईचा दावा लावला होता, आणि त्या दुपारी वकीलबाईंकडे तिच्या साक्षीची शेवटची उजळणी होती. ताईंच्या हवाली नवरा करून ती निघाली.

वकीलबाईंची कचेरी औषधाच्या दुकानावर होती. कागद उडतात म्हणून पंखा बंद, त्यामुळे आत नुसता उकाडा. बाई तिच्याच वयाच्या, सदा दमलेल्या, पण मनाने सरळ.

"डॉक्टरांचं सगळं झालं," त्या म्हणाल्या. "मेंदूत काय बिघडलं ते त्यांनी सांगितलं. घरात काय बिघडलं ते तुम्ही सांगायचं. आधी कसे होते?"

"कडक होते."

"म्हणजे कसे?"

ती थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग एकदा तोंड उघडलं आणि सगळं घडाघडा बाहेर पडलं. चहा जरा कोमट असला की कप बोटाने पुढे सरकवायचे. तोंडाने बोलायचे नाहीत, कप सरकला की आपण समजायचं. स्वयंपाकघरातले डबे एका रेषेत नसले तर सगळे खाली काढून ठेवायचे आणि परत लावायला लावायचे, गोदामात लावतात तसे. राग आला की अबोला. आठवडा आठवडा. शेवटी राग कशाचा होता ते तिलाही आठवेनासं व्हायचं, तरी माफी तिनेच मागायची. जिन्यावर त्यांची पावलं वाजली की ती हातातलं टाकून डब्यांची रेष बघायला धावायची.

"हात उगारायचे?"

"छे छे. हात कधी उगारला नाही." ती थांबली. "धरलाही नाही कधी."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "असं सांगितलंत तर केस गेली म्हणून समजा. समोरचे वकील साहेब मुरलेले आहेत. ते एकच विचारतील. बाई, मग आता तर तुमचं बरंच चाललंय, नुकसान कसलं?"

तिने मांडीवरचा पदर सारखा केला.

"बरं चाललंय का?" वकीलबाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

"सकाळी उठला की मला शोधत येतो," ती म्हणाली. "आणि सापडले की हसतो. एवढंसं घर आमचं, मी जाणार कुठे? पण रोज हसतो."

वकीलबाईंनी समोरची वही मिटली. "हे माझ्याजवळच राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिथे नको."

भरपाई नीट मिळाली तर दिवसभरासाठी एक माणूस ठेवता येणार होता, उपचार चालू राहणार होते, तिला सुखाने चार कपडे शिवता येणार होते. नाही मिळाली तर त्याला संस्थेत ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती एकदा जाऊन ती संस्था बघून आली होती. ओळीने खाटा, भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसं, आणि बाहेरून कडी. तिथून घरी आल्यावर दोन घास तिच्या घशाखाली उतरले नव्हते. या माणसाला तिथे टाकायचं? तो सकाळी उठून कुणाला शोधणार?

"खोटं बोला असं मी कशी सांगेन," वकीलबाई म्हणाल्या. "पण मितभाषी होते म्हणता येईल. टापटिपीचे होते. खाण्यापिण्यात चोखंदळ. घरावर बारीक लक्ष."

तिच्या लगेच ध्यानात आलं. रोजच्या कामातलंच होतं ते. शर्टाची कॉलर विरली की उसवायची, पालटायची, न विरलेली बाजू वर आणून पुन्हा शिवायची. कापड तेच, शर्ट तोच, आणि गिऱ्हाईक खूश.

"जमेल," ती म्हणाली. "फक्त तो आत नको. त्याच्यासमोर मला शब्द फुटणार नाही."

"बाहेर बसू दे त्यांना बहिणीजवळ."

कोर्टाच्या दिवशी सूट बसला. कोटाचं बटण लागेना, पण ते उघडंच ठेवलं तर कळत नव्हतं. बाहेरच्या बाकावर त्याला बसवून तिने ताईंना तीनतीनदा बजावलं, "आत सोडू नका हं याला, काही झालं तरी."

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" तो म्हणाला. "जा तू. आणि नीट बोल. कचरू नकोस."

आत कोर्टाची खोली तिला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली, एखाद्या शाळेच्या वर्गाएवढी. न्यायाधीश थकल्यासारखे दिसत होते आणि मधूनमधून चष्मा पुसत होते. तिने खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही अशी शपथ घेतली. वकीलबाईंनी सुरुवात करून दिली आणि मग तिला स्वतःचंच नवल वाटलं, इतकं ते सोपं गेलं. घर कसं आरशासारखं असायचं. डबे कसे रेषेत. चहा कसा वाफाळता लागायचा, गार झालेला चालायचाच नाही, माणूस रसिक. बोलणं मोजकं, पण बोलले की शब्दाला वजन. कुठलाही निर्णय त्यांचाच, तिच्या डोक्याला कसला ताप नाही. सांगता सांगता तिच्यासमोर खरोखरच एक माणूस उभा राहायला लागला. भारदस्त, शांत, घराचा आधार. असा नवरा मिळाला असता तर बरं झालं असतं, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

मग मालकांचे वकील उठले. वयस्कर, गोड बोलणारे, जावयाशी बोलावं तितक्या अदबीने बोलणारे.

"गोदामात यांना माणसं काय म्हणायची, ठाऊक आहे तुम्हाला?"

"फुटपट्टी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. वकिलांनीही मान तिरकी करून हसू दाबलं. "का बरं?"

"कामात चोख होते म्हणून."

"घरीही फुटपट्टीच?"

"घरीही चोखच होते."

"आता कसे आहेत? शेजारपाजारचे सांगतात, हसतमुख आहेत. गच्चीवर तुमच्याबरोबर कपडे वाळत घालतात, गाणी म्हणतात, रस्त्याने जाताना तुमचा हात धरून चालतात. खरं का?"

"खरं आहे."

"पूर्वी धरायचे हात?"

तेवढ्यात मागचं दार करकरलं. तिने उगाचच तिकडे पाहिलं. तो आत येऊन अगदी मागच्या बाकावर बसत होता. ताई दारातून त्याला हातवारे करून बोलावत होत्या. तो मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून, तोंड किंचित उघडं टाकून तिच्याकडे बघत होता. तिला पाहून तो हसला.

"बाई, मी विचारलं, पूर्वी धरायचे का हात?"

कॉलर उलटवून शिवण्याजोगं आता काही उरलं नव्हतं. इथे नवं कापडच हवं होतं.

"धरायचे," ती म्हणाली. "रोज धरायचे."

"रोज?"

"जेवण झालं की आम्ही फिरायला जायचो. तेव्हा." आता माघार नव्हती. "माझं काही चुकलं तर समजून घ्यायचे. मी आजारी पडले तर उशाशी बसायचे. त्यांच्यासारखा माणूस..." तिने पदर डोळ्यांना लावला. ते रडू खोटं नव्हतं. कुणासाठी होतं ते मात्र तिलाही सांगता आलं नसतं.

वयस्कर वकिलांनी तिला थोडा वेळ दिला. मग अगदी हळुवारपणे विचारलं, "मग एक शेवटचं. तुम्हाला निवडायला सांगितलं तर? आधीचा माणूस, की आत्ताचा?"

वकीलबाई ताडकन उठल्या, असा प्रश्न विचारताच येत नाही म्हणाल्या. न्यायाधीशांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उत्तर येऊ द्या म्हणाले.

ती मागच्या बाकाकडे बघायची नाही असं ठरवून भिंतीकडे बघत राहिली. तिथून त्याचं हसू तिला न बघताही जाणवत होतं. एक खाट, भिंतीकडे तोंड, बाहेरून कडी.

"आधीचा," ती म्हणाली. "मला आधीचाच माणूस हवा आहे. हा तो नाही."

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "केस आपल्या बाजूने फिरली. खरंच सांगते, मीसुद्धा हलले." त्या पुढच्या केससाठी घाईने निघून गेल्या. ताई डोळे पुसत उभ्या होत्या.

"अगं, तू बोलायला लागलीस तसा हा दाराला कान लावून उभा होता, आणि मी पाणी प्यायला म्हणून वळले तेवढ्यात आत निसटला. तू दिसत नाहीस म्हणून बेचैन झाला होता." मग त्यांनी तिला जवळ ओढलं आणि कानाशी लागून म्हणाल्या, "काय बोललीस गं! मी त्याची सख्खी बहीण, आणि असा भाऊ मला जन्मात दिसला नव्हता."

दोघींनाही हसू आलं, आणि हसता हसताच ते ओसरलं. कारण तो बाजूला उभा राहून त्या दोघींकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

बसमध्ये तो खिडकीशी बसला. एरवी दुकानांच्या पाट्या मोठ्यांदा वाचायचा, लोक वळून बघायचे. आज चकार शब्द नाही. दोघांच्या मधे तिने आपला हात मोकळा ठेवून दिला. त्याने धरला नाही.

"भूक लागलीय का रे?"

त्याने मान हलवली. घर जवळ आलं तेव्हा म्हणाला, "तू आत सारखी 'ते, ते' म्हणत होतीस. ते म्हणजे मीच ना?"

"हो. तूच."

"मला नाही आठवत."

"नको आठवूस. बरं झालं पुसलं गेलं ते," ती म्हणाली. पण बस तेवढ्यात गचका देऊन थांबली, माणसं उठली, आणि ती जे आणखी बोलणार होती ते तसंच राहून गेलं. घरी गेल्यावर सांगू, तिने ठरवलं. घरी गेल्यावर वाटलं, निकाल लागू दे. तो भाबडा, कुणाजवळ बोलून बसला तर सगळंच मुसळ केरात जायचं.

पुढचे दिवस तो गप्पगप्प होता. एवढ्या दिवसांत कोर्टातलं विसरला असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. गच्चीवर यायचा, पण चिमटे हातात धरून नुसता उभा राहायचा. एकदा ती दुकानातून काम घेऊन परतली तर स्वयंपाकघरातले सगळे डबे त्याने खाली उतरवून ठेवलेले. ताई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "काय चाललंय बाई याचं! मघापासून वर ठेवतोय आणि काढतोय. रेष जमत नाही म्हणतो." तिने काही न बोलता डबे उचलून जागेवर ठेवले. त्याने मागे उभं राहून एकेका डब्याकडे नीट निरखून पाहिलं. ही नजर तिच्या ओळखीची होती. पण मान वळवून पाहिलं तर मागे तोच तिचा गोबऱ्या गालांचा नवरा, पाठ केलेलं विसरू नये म्हणून ओठ हलवत असलेला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ती नाही बोलली.

निकालाचा फोन सकाळी आला. ती कप विसळत होती, तशाच ओल्या हाताने तिने फोन कानाला लावला. वकीलबाईंचा आवाज नेहमीपेक्षा चढा होता. सगळं मान्य झालं होतं. दिवसभराची सोबत, उपचार, शिवाय तिचं जे गेलं त्याबद्दलही. "तुमच्या साक्षीचा न्यायाधीशांनी खास उल्लेख केलाय," त्या म्हणाल्या. तिने फोन ठेवला. दोन वर्षं मुठीत धरलेला जीव मोकळा झाला होता. तिने पदराने तोंड पुसलं आणि ती बाहेरच्या खोलीत गेली.

तो टेबलाशी बसला होता. समोर चहा.

"ऐकलंस का? जिंकलो आपण!" ती त्याच्या खुर्चीशी टेकली. "तू आता इथेच राहायचंस. कुठे जायचं नाही. तुझ्यासोबत एक माणूस येईल, तुला फिरायला नेईल, आणि मी इथेच बसून शिवेन. कळतंय का तुला? घरीच राहायचं!"

तो हसला नाही. ताठ बसला. हनुवटी आत घेतली, ओठ एकमेकांवर दाबले, आणि टेबलावरचा कप एका बोटाने पुढे सरकवला.

"चहा गार झालाय," तो म्हणाला.

तिला कळायच्या आत तिच्या हातांनी कप उचलला होता. ती स्वयंपाकघरात पोहोचली होती, गॅस पेटवला होता, पातेल्यात चहा ओतलाही होता. मग ती थबकली आणि वळली.

तो दारात येऊन उभा होता. डोळे मोठे करून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, परीक्षेत पेपर दिलेल्या मुलासारखा.

"असंच ना?" त्याने विचारलं.

"काय असंच?"

"असाच होतो ना मी? तू सांगितलंस तसा? चहा मला गार चालायचा नाही. फार बोलायचो नाही. मी बरेच दिवस सराव करतोय. हात धरायचा तेवढा राहिलाय. तो आधी धरायचो की फिरायला गेल्यावर धरायचो ते मला नीट कळलं नाही."

तिने गॅस बंद केला. त्याचा हात धरून त्याला आत आणलं, ओट्याला टेकवून उभं केलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"नीट ऐक हं माझं," ती म्हणाली. "मी तिथे खोटं बोलले. तू तसा नव्हतास. तू हात कधीच धरला नाहीस माझा. बोलायचा नाहीस माझ्याशी आठवडा आठवडा. जिन्यात तुझी पावलं वाजली की मला घाबरायला व्हायचं. त्या माणसाबरोबर मी कसे दिवस काढले ते माझं मला माहीत. मला तो नकोय रे. मला तू हवा आहेस, हा, असा. खोटं बोलले ते तुला घरी ठेवायचं म्हणून बोलले. कळलं?"

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधेच तिच्या गालावरून ओघळलेलं पाणी त्याने बाहीने टिपलं. मग बराच वेळ विचार केला. असा विचार करताना त्याच्या कपाळाला नेहमी पडायची ती आठी पडली.

"पण तू शपथ घेतली होतीस ना," तो म्हणाला.

"अरे, पण तू तर तेव्हा बाहेर होतास."

"ताईला मी विचारलं, कोर्टात काय काय करतात. ताई म्हणाली, आधी शपथ घेतात. खरंच बोलायचं अशी. शपथ घेऊन कुणी खोटं बोलत नाही."

"मी बोलले. मी बोलले ना खोटं!"

तो तिच्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. गेले कितीतरी दिवस न दिसलेलं, पूर्ण, डोळ्यांपर्यंत पोहोचणारं.

"मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतेस तू," तो म्हणाला. "किती चांगली आहेस गं. पण असू दे. मी शिकेन. वेळ लागेल थोडा, तू फक्त सांगत जा." त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. "तुला तो हवा आहे ना, मग मी आणतो त्याला परत."

ती नाही, नाही म्हणत राहिली. तो समजुतीने मान हलवत राहिला. मग त्याने तिच्या डोक्यावरचा हात काढून घेतला, जाऊन पुन्हा टेबलाशी ताठ बसला, ओठ घट्ट मिटले आणि समोरच्या भिंतीकडे बघत वाट पाहू लागला.

थोड्या वेळाने तिने चहा गरम करून आणला.